वकील अशिलाच्या प्रेमात पडला, तर खटल्याचं काय होतं?

लंडनमधलं एक श्रीमंत घर, संध्याकाळची वेळ. काळ्या कपड्यातली एक देखणी बाई पियानो वाजवत बसली आहे. पोलीस आत येतात आणि तिला सांगतात, की नवऱ्याला विष घालून मारल्याच्या आरोपावरून तुम्हाला अटक होते आहे. ती ओरडत नाही, रडत नाही. एखाद्या ठरलेल्या भेटीला निघावं तशी त्यांच्याबरोबर निघते.

आल्फ्रेड हिचकॉकच्या १९४७ सालच्या ‘द पॅराडाइन केस’ची ही सुरुवात. कोर्टातल्या सिनेमांची यादी निघाली की त्यात याचं नाव असतंच. पण हा सिनेमा ज्यांच्या ज्यांच्यासोबत मी पाहिला, त्या सगळ्यांनी शेवटी तेच प्रश्न विचारले. वकिलाचं मन अशिलावर जडलं यात बेकायदा काय आहे? त्याने खटला सोडून का नाही दिला? आणि तो तिला वाचवायलाच धडपडत होता, तर तीच त्याच्यावर एवढी का उलटली?

या प्रश्नांची उत्तरं सिनेमात कमी आणि कोर्टाच्या रीतीत जास्त आहेत. ती रीत कळली नाही तर सिनेमा एका रडव्या प्रेमकथेसारखा वाटतो. शेवट सांगितल्याशिवाय हे समजावता येणार नाही, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी आधी सिनेमा पाहून यावं.

आधी गोष्ट

कर्नल पॅराडाइनने युद्धात डोळे गमावलेले. घरात त्याची पत्नी मादालेना आणि त्याच्या जिवाला जीव देणारा खासगी नोकर आंद्रे लाटूर. एके दिवशी वाइनच्या पेल्यातून कर्नलच्या पोटात विष जातं. आरोप पत्नीवर येतो. तिच्या बचावासाठी अँथनी कीन हा नामांकित वकील उभा राहतो. पहिल्या भेटीतच तो तिच्याकडे ओढला जातो, आणि काही दिवसांत त्याची खात्री पटते की ही बाई खून करूच शकत नाही. मग खून केला कोणी? त्याची नजर लाटूरकडे वळते.

मादालेना त्याला बजावते, की लाटूरला यात ओढायचं नाही. तो ऐकत नाही. भर कोर्टात लाटूरला इतका पिळतो, की आपले आणि मालकिणीचे संबंध होते हे त्याच्या तोंडून बाहेर पडतं. त्यानंतर लाटूर आत्महत्या करतो. ही बातमी कोर्टात येते तेव्हा मादालेना साक्ष देते आहे. ती तिथेच सांगून टाकते, की नवऱ्याला मी मारलं, माझं प्रेम लाटूरवर होतं, आणि त्याचा जीव माझ्या या वकिलाने घेतला. कीनबद्दल आता तिच्याकडे फक्त द्वेष आणि तिरस्कार उरला आहे.

तिथे वकील दोन प्रकारचे असतात

इंग्लंडमध्ये वकिलीची विभागणी आहे. पक्षकार ज्याच्या कचेरीत जातो, जो कागद जमवतो, साक्षीदार शोधतो, तो सॉलिसिटर. आणि झगा-विग घालून कोर्टात उभा राहतो तो बॅरिस्टर. मुंबईकरांना हे अगदीच परकं नाही. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या खटल्यांत, हीच दुहेरी पद्धत होती, १९७६ च्या कायदादुरुस्तीने तिची सक्ती गेली.

या विभागणीमागे एक शहाणपण आहे. पक्षकाराचं रडणं, राग, घरातली भांडणं हे सगळं सॉलिसिटरच्या अंगावर येतं. बॅरिस्टरपर्यंत पोचतो तो गाळून आलेला खटला. जुन्या शिस्तीप्रमाणे बॅरिस्टरने अशिलाला भेटायचं ते सॉलिसिटर किंवा त्याचा कारकून हजर असताना. घटनेच्या साक्षीदारांना तर त्याने खटल्याआधी भेटायचंही नाही, म्हणजे साक्ष पढवल्याचा संशय नको.

आता सिनेमात काय होतं ते पाहा. कीन उठून थेट कंबरलँडमधल्या पॅराडाइनांच्या वाड्यावर जातो. तिच्या शयनगृहात फिरतो. तिथे पलंगाच्या उशाच्या फळीवर तिचंच चित्र बसवलेलं आहे, आणि कॅमेरा त्या चित्राभोवती रेंगाळतो. रात्री तो ज्या खाणावळीत उतरला आहे तिथे लाटूर त्याला भेटायला येतो. लाटूर सरकार पक्षाचा साक्षीदार आहे! तिथल्या कुठल्याही बॅरिस्टरला त्या भेटीने घाम फुटला असता. प्रेमाची कबुली, स्पर्श, चिठ्ठी यांतलं काहीही घडायच्या आधीच कीनने कुंपण ओलांडलेलं आहे, आणि आपण ते ओलांडलं हे त्याच्या गावीही नाही.

वकील नेमका कोणाचा माणूस?

१८२० साली इंग्लंडच्या राणी कॅरोलाइनच्या बाजूने हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे उभं राहून तिचा वकील हेन्री ब्रूम याने सांगितलं होतं, की कर्तव्य बजावताना वकिलाला जगात एकच माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे त्याचा अशील. वकिलांच्या पिढ्यांनी हे वाक्य छातीशी धरलं. पण ते अर्धं आहे. वकिलाला कोर्टाशीही इमान राखावं लागतं. खोटं आहे हे माहीत असताना तो ते खरं म्हणून मांडू शकत नाही.

सर्जनचं उदाहरण घ्या. शहरातला सर्वांत चांगला सर्जनसुद्धा स्वतःच्या मुलाच्या पोटावर सुरी चालवायला सहसा दुसऱ्याला बोलावतो. त्याचं मुलावर प्रेम कमी असतं म्हणून नव्हे. हात थरथरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे दिसायला नको ते डोळे पाहणारच नाहीत, ही भीती असते. क्ष-किरणात गाठ दिसते आहे, पण बाप म्हणतो ती सावली असेल.

कीनचं नेमकं हेच झालं. मादालेनाचं पूर्वायुष्य, तिचं गप्प राहणं, लाटूरचं नाव निघताच तिचं ताठर होणं, हे सगळं त्याच्यासमोर होतं. त्याने प्रत्येक गोष्टीचा अर्थ तिच्या निष्पापपणाच्या बाजूने लावला. माझ्या मते त्याचा अपराध प्रेमात पडणं हा नाहीच. तिचा खटला बाजूला सारून त्याने स्वतःच्या मनातल्या बाईचा खटला चालवला, हा आहे.

“मग त्याने वकीलपत्र सोडलं का नाही?”

इंग्लिश बॅरिस्टरांचा एक नियम रिक्षाच्या रांगेसारखा आहे. रांगेत पहिली रिक्षा तुमची असेल तर समोर येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं. आपल्या कामाच्या क्षेत्रातला खटला आला, वेळ आहे, फी योग्य आहे, तर अशील आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. हा नियम नसता, तर ज्याच्यावर सगळा देश थुंकतो आहे अशा आरोपीला वकीलच मिळाला नसता.

पण या नियमाला अपवाद आहे, आणि तो कीनसाठीच केल्यासारखा आहे. स्वतःच्या खासगी गुंतवणुकीमुळे निर्णय डळमळणार असेल, तर वकिलाने बाजूला व्हायचं. तेही लवकर, नव्या वकिलाला तयारीला वेळ मिळेल इतकं आधी.

सिनेमात ही संधी येते. कीनची पत्नी गे हिला सगळं कळून चुकलं आहे. तो खटला सोडायची तयारी दाखवतो, आणि तीच नको म्हणते. तिचं म्हणणं असं: ती बाई फासावर गेली, तर तुझ्या मनात ती जन्मभर राहील. मला ती जिवंत हवी आहे. तू लढ आणि जिंक. अ‍ॅन टॉडने हा प्रसंग फार संयमाने केला आहे, आणि बायकोच्या जागेवरून पाहिलं तर तिचं बरोबरच आहे. पण या संभाषणात एक माणूस हजर नाही, जिच्या गळ्याशी दोर आहे ती. खटला ठेवायचा की सोडायचा हे नवरा-बायकोने घरात ठरवलं, संसार वाचवण्याच्या हिशोबाने. असं व्हायला नको म्हणूनच तो अपवाद आहे.

“पण तो तिला वाचवायलाच बघत होता ना?”

हा आक्षेप सर्वांत जोरकस आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

खटल्याची सूत्रं अशी वाटलेली असतात: कुठे जायचं ते अशील ठरवतो, कोणत्या रस्त्याने जायचं ते वकील. गुन्हा कबूल करायचा की नाही, स्वतः साक्ष द्यायची की नाही, हे अशिलाच्या हातात. कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता साक्षीदार किती ताणायचा, हे वकिलाच्या हातात. मग लाटूरवर संशय टाकणं यांत कुठे बसतं?

तो फक्त रस्त्याचा प्रश्न नाही. ‘मी केलं नाही’ आणि ‘त्याने केलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत सरकार पक्षाचा पुरावा तोकडा आहे एवढंच दाखवायचं असतं. दुसरीत तुम्ही एका तिसऱ्या माणसाच्या गळ्यात खून अडकवता. तसं करायला वकिलाकडे अशिलाने दिलेली माहिती हवी आणि सबळ आधार हवा. कीनकडे दोन्ही नव्हतं. अशिलाने तर स्पष्ट नाही म्हटलं होतं.

आणि उलटतपासणीचं एक जुनं शहाणपण तो विसरला. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला आपण जे प्रश्न विचारतो ती उलटतपासणी. तिच्यात ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नसतो. झाकलेल्या टोपलीत हात घालताना आत काय आहे ते ठाऊक असावं लागतं. कीन लाटूरला ताणत गेला, आणि टोपलीतून निघालं ते प्रेमप्रकरण. म्हणजे खुनामागचा हेतू, जो सरकार पक्षाला अजून पक्का सापडला नव्हता, तो बचावाच्या वकिलाने स्वतःच्या हाताने पुराव्यात आणून दिला.

यातून सुटायला एकच शब्द पुरेसा होता. मादालेना म्हणाली, लाटूरला हात लावू नका. तेव्हा विचारायचं, का? कोणताही परका, थंड डोक्याचा वकील हे पहिल्यांदा विचारतो. कीनने विचारलं नाही, कारण उत्तर त्याला ऐकायचं नव्हतं. ते उत्तर कानांवर आलं असतं, तर त्याच्या स्वप्नातली बाई तिथेच संपली असती.

तिने वकिलाला खरं सांगितलं असतं तर?

बऱ्याच जणांना वाटतं, की अशिलाने खून कबूल केला तर वकील त्याच्यासाठी उभाच राहू शकत नाही. तसं नाही.

१८४० साली लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालला. आरोपी त्यांचाच नोकर, फ्रान्स्वा कुर्व्हाझिए. खटला ऐन भरात असताना चोरीची चांदी सापडली, आणि कुर्व्हाझिएने आपल्या वकिलाला, चार्ल्स फिलिप्सला, सांगून टाकलं की खून मीच केला. वर हेही, की तुम्ही माझा बचाव करतच राहावं. हादरलेल्या फिलिप्सने न्यायमूर्ती पार्क यांचा सल्ला घेतला. पार्क म्हणाले, आता सोडता येणार नाही. फिलिप्स लढला, कुर्व्हाझिए दोषी ठरून फासावर गेला, आणि फिलिप्सवर पुढे कित्येक वर्षं टीका होत राहिली, विशेषतः त्याने घरातल्या इतर नोकरांवर संशयाचा रोख वळवला यासाठी.

त्यातून जी शिस्त पक्की होत गेली ती अशी. कबुली ऐकल्यावरही वकील सरकारी पुरावा तपासू शकतो, त्यातली भोकं दाखवू शकतो. पण ‘माझा अशील त्या रात्री घरी नव्हताच’ असं खोटं उभं करू शकत नाही, आणि दुसऱ्याला खुनी म्हणू शकत नाही.

म्हणजे मादालेनाने कीनला बंद खोलीत खरं सांगितलं असतं, तर लाटूरवर बोट दाखवायला तो नियमानेच मोकळा राहिला नसता. लाटूर जगला असता. पुरावा परिस्थितीजन्य होता, कदाचित तीही सुटली असती. पण जो माणूस आपल्याला देवीसारखा बघतो आहे, त्याला आपण खून केला हे कसं सांगायचं? अशिलाला पोटातलं बोलता यावं एवढं अंतर वकिलाने राखायचं असतं. कीनने ते राखलं नाही, आणि तिचं तोंड बंद झालं.

वकिलापाशी बोललेलं गुप्त राहण्याची हमी आपल्याकडेही आहे. पूर्वी ती १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. २०२५ मध्ये तपास यंत्रणेने अशिलांच्या प्रकरणात थेट वकिलांनाच समन्स पाठवली तेव्हा गदारोळ झाला. त्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कलमात दिलेले अपवाद सोडले तर अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला असं बोलावता येणार नाही.

ती पिंजऱ्यात बोलायला उभी का राहिली?

आपल्या कोर्टांत आरोपी साक्षीदार म्हणून शपथेवर उभा राहिल्याचं क्वचितच दिसतं. १९५५ पर्यंत आपल्याकडे ती मुभाच नव्हती. इंग्लंडमध्ये ती १८९८ पासून आहे. पण मुभा घेतली की सरकारी वकिलाची उलटतपासणीही सोसावी लागते, आणि जे बोलाल ते पुरावा होतं. मादालेनाचं वाक्य हा शपथेवरचा कबुलीजबाब आहे. तो ज्युरीने, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे. त्यानंतर कोणत्याही वकिलाला करण्यासारखं काही राहत नाही.

ज्युरी म्हटलं की मराठी वाचकाला नानावटी खटला आठवतो, बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा. १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. इंग्लंडमध्ये असं होत नाही. सिनेमाच्या काळात ज्युरीने निर्दोष म्हटलं की तिथे विषय संपत असे. त्या काळी बाराच्या बारा जणांचं एकमत लागत असे, बहुमताचा निवाडा १९६७ मध्ये आला. म्हणजे लाटूरला न छेडता, फक्त एका ज्युररच्या मनात शंका जिवंत ठेवली असती, तरी दोषी ठरवणारा निकाल अडला असता.

न्यायाधीशाचं काय?

कीनच्या वेडाकडे बघता बघता एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. न्यायमूर्ती हॉरफिल्ड, म्हणजे चार्ल्स लॉटन, एका मेजवानीनंतर कीनच्या पत्नीच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसतो. त्याची नजर तिच्या उघड्या खांद्यावर आहे. तो तिचा हात हातात घेतो, ती तो सोडवते. पुढे तिचा नवरा ज्यात वकील आहे तो खटला हाच माणूस चालवतो. वकिलाच्या मनातली गुंतवणूक जगाला दिसली. न्यायाधीशाच्या मनातली कोणी नोंदवलीसुद्धा नाही. मला हा प्रसंग मुख्य कथेपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

शेवटाकडे हॉरफिल्डची पत्नी, एथेल बॅरीमोर, जेवणाच्या टेबलावर मादालेनासाठी दयेची भीक मागते. तो हातातल्या अक्रोडाकडे पाहत म्हणतो, याच्या वळ्या माणसाच्या मेंदूसारख्या दिसतात, नाही का? हा क्रूरपणा अंगावर येतो. मात्र शिक्षेपुरतं बोलायचं तर त्याच्या हातात फारसं काही नव्हतं. तेव्हा खुनाला फाशी ही एकच शिक्षा होती, न्यायाधीशाला निवड नव्हती. दया दाखवायची ती गृहमंत्र्याच्या शिफारशीवरून. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये थांबली.

आज असा वकील सापडला तर?

अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत २००२ पासून स्पष्ट कलम आहे: आधीपासून नातं नसेल, तर वकिलाने अशिलाशी शरीरसंबंध ठेवायचे नाहीत. पण कीन त्या कलमात सापडणारच नाही. त्याने मादालेनाशी तसं काहीच केलेलं नाही. त्याला पकडतो तो जुना, साधा नियम, की स्वतःचा स्वार्थ किंवा गुंतवणूक अशिलाच्या कामाच्या आड येता कामा नये. भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियमही हेच सांगतात. पक्षकारांशी असलेला संबंध आणि प्रकरणातला आपला रस वकिलाने काम घेतानाच उघड करायचा, आणि काम घेतल्यावर पुरेसं कारण आणि सूचना दिल्याशिवाय मध्येच सोडायचं नाही. कीन शेवटी ज्युरीपुढे स्वतःची नालायकी कबूल करून कोर्टातून चालता होतो, कॅमेरा त्याला खूप उंचावरून पाहतो. दृश्य मोठं आहे, पण अशिलाला भर खटल्यात एकटं टाकून जाणं ही त्याची आणखी एक चूकच आहे.

“सिनेमाच आहे, एवढं काय?”

सिनेमा म्हणून तो सदोष आहे, हे मान्य. मधला भाग रेंगाळतो. तिशीतल्या ग्रेगरी पेकच्या कानशिलांवर पांढरे केस रंगवून त्याला इंग्लिश बॅरिस्टर केलं, ते हिचकॉकलाही रुचलं नव्हतं. लाटूरच्या भूमिकेत देखणा लुई जूर्दां त्याला नकोच होता. शेणाच्या वासाचा, राकट हातांचा माणूस त्याला हवा होता, म्हणजे कीनचा अपमान आणखी खोल झाला असता. खून नेमका कसा झाला हे आपल्यालाही कधी नीट उमगलं नाही, असं त्याने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना सांगितलं.

पण कोर्ट मात्र खरं आहे. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टाची हुबेहूब प्रतिकृती हॉलीवूडमध्ये बांधली, आणि तिथले प्रसंग एकाच वेळी चार कॅमेरे लावून टिपले. त्या कोर्टातला एक तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहतो. लाटूरला साक्षीसाठी आत आणतात. मादालेना आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेली आहे, तिची पाठ त्याच्याकडे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. मागून लाटूर तिला वळसा घालून चालत जातो, आणि ती त्याच्याकडे न पाहताच, नुसत्या अंगाने ओळखते की तो आला आहे. यासाठी हिचकॉकने लाटूरचं चालणं आधी वेगळं टिपलं, मग ते पडद्यावर दाखवून त्यापुढे मादालेना झालेल्या अलिडा वाल्लीला फिरत्या स्टुलावर बसवलं. तिच्या डोळ्यांत त्या काही सेकंदांत भीती आहे, ओढ आहे, आणि त्याला काही होऊ नये ही विनवणी आहे. खटल्याचं सगळं गुपित तिथे उघडं पडलेलं असतं. तिच्या वकिलाची उलटतपासणी अजून सुरू व्हायची असते.